नानांशी कोणीच बोलले नाही

मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यातील ती शनिवारची संध्याकाळ होती. मुलीचा दहावीचा निकाल चांगला लागला होता आणि नातीचे कौतुक करायला माझे वडील, म्हणजे आमचे नाना, करमाळ्याजवळच्या गावाहून एस.टी.ने पुण्याला आले होते. नाना ७८ वर्षांचे आहेत. गळ्यात तुळशीची माळ घातल्याला त्यांना चाळीसहून अधिक वर्षे झाली. माळकरी घरांत वाढलेल्यांना वेगळे सांगायला नको, परंतु इतरांसाठी सांगते, की माळ घालणे म्हणजे मांस-मद्य कायमचे वर्ज्य करणे, एकादशी धरणे आणि शक्य तोवर आषाढीची वारी न चुकवणे. नानांनी हे सारे कोणताही गाजावाजा न करता पाळले आहे. दुसऱ्याच्या ताटात काय आहे याकडे त्यांनी कधी वाकड्या नजरेने पाहिले नाही, आपल्या ताटाबाबत मात्र कधी तडजोड केली नाही.

मुलीने बर्गर खायला जाऊ असा हट्ट धरला, तेव्हा नानांनीच तिची बाजू घेतली. "हिला एवढं आवडतं ते काय असतं ते एकदा बघू तरी," असे म्हणून त्यांनी स्वच्छ धोतर नेसले, टोपी घातली आणि आम्ही तिघे एका मोठ्या मॉलच्या तळमजल्यावरील उपाहारगृहात गेलो. त्या साखळीचे नाव मी येथे लिहिणार नाही. माझी तक्रार मी संबंधितांकडे नावानिशी केलेली आहे आणि ती तेथेच राहू द्यावी असे मला वाटते.

आत शिरल्यावर ऑर्डर घ्यायला समोर कोणी माणूस नव्हते. चार टचस्क्रीनची मशीन उभी होती आणि बिलिंगच्या एकमेव काउंटरवर खुर्ची रिकामी होती. मशीनवर मला मराठीचा पर्याय सापडला नाही. मुलीने भराभर बोटे फिरवून ऑर्डर दिली : बटाट्याच्या पॅटीचे दोन बर्गर, एक पनीरचा, फ्राइज आणि तीन थंड पेये. सगळे पदार्थ शाकाहारी होते आणि प्रत्येकासमोर हिरव्या चौकोनातील हिरवा ठिपका मी स्वतः पाहून घेतला होता. पदार्थांचे ८२० रुपये, त्यावर केंद्राचा आणि राज्याचा मिळून पाच टक्के जीएसटी, म्हणजे २०.५० रुपये दोनदा, असे एकूण ८६१ रुपयांचे बिल निघाले. टोकन क्रमांक २१४.

भिंतीवरच्या पडद्यावर दोन रकाने होते. डावीकडे तयार होत असलेल्या ऑर्डरी, उजवीकडे तयार झालेल्या. बाराव्या मिनिटाला आमचा क्रमांक उजवीकडे सरकला आणि थोड्या वेळाने पडद्यावरून नाहीसा झाला, परंतु काउंटरवर आमचा ट्रे काही आला नाही. मी जाऊन विचारले, तेव्हा आतल्या मुलाने वर न पाहता उत्तर दिले, "स्क्रीनवरून काढावं लागतं मॅडम, नाहीतर टाइम लाल होतो. तुमची बनतेय." आमच्या ऑर्डरीची वेळ त्यांच्या नोंदीत बारा मिनिटे लागली असणार, प्रत्यक्षात आमच्या हाती ट्रे पडला तो ३४ मिनिटांनी. मधल्या काळात पाठीला चौकोनी पिशव्या लावलेली डिलिव्हरीची मुले एकामागून एक पार्सले घेऊन जात होती. त्यांच्यावर माझा मुळीच राग नाही, त्यांचीही खेप वेळेशी बांधलेली असते. रिकामे टेबल म्हणून जे मिळाले त्यावर आधीच्या लोकांचे ट्रे तसेच पडले होते. नानांनी ते स्वतः उचलून बाजूला ठेवले आणि कागदी रुमालाने टेबल पुसले.

त्यानंतर जे घडले ते मला नीट, क्रमाने लिहायचे आहे. नाना कोणतीही गोष्ट थेट तोंडाला लावत नाहीत. भाकरी असो की पाव, आधी दोन्ही हातांनी मोडायची, पहिला घास क्षणभर हातात धरून डोळे मिटायचे आणि मग खायचे, ही त्यांची जन्माची सवय आहे. तो गोल पाव त्यांनी तसाच दोन्ही हातांनी मोडला. बटाट्याची पॅटी मोडली की तिचा भुगा पडतो. येथे भुगा पडला नाही. आतून पांढरट धागे ताणले गेले आणि मग तुटले. नानांनी ते दोन तुकडे कागदावर परत ठेवले, कागदाच्या चारही कडा त्यावर दुमडल्या आणि काही न बोलता हात धुवायला उठले. मुलीने घाईघाईने कागद उलगडून पाहिला. कोपऱ्यात तपकिरी चौकोनात तपकिरी त्रिकोण होता. तो कोंबडीचा बर्गर होता.

पूर्वी मांसाहाराच्या चिन्हातही गोल ठिपकाच असे, फक्त रंग तपकिरी. ज्यांना रंग ओळखता येत नाहीत त्यांना दोन्ही ठिपके सारखेच दिसत, म्हणून अन्नसुरक्षा प्राधिकरणाने नव्या नियमांत ठिपक्याऐवजी त्रिकोण आणला. बदल योग्यच आहे. परंतु मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेल्या आणि पिवळट दिव्यांखाली बसलेल्या माणसाला हरभऱ्याच्या डाळीएवढे ते चिन्ह, मग ते गोल असो की त्रिकोणी, कसे दिसणार? पदार्थ हातात देणाऱ्याने ते पाहून द्यायचे असते. त्या दिवशी नानांचे चाळीस वर्षांचे व्रत वाचले ते पाव मोडून खाण्याच्या सवयीमुळे, त्या उपाहारगृहाच्या दक्षतेमुळे नव्हे.

मी तो बर्गर आणि बिल घेऊन काउंटरवर गेले. तीन वेळा हाक मारल्यावर मघाचाच मुलगा आला. वीस-एकवीस वर्षांचा असेल. त्याने पहिला प्रश्न विचारला तो टोकन क्रमांकाचा. मी झालेला प्रकार सांगितला. त्याने बिल हातात घेऊन वाचले आणि म्हणाला, "यात तर सगळं व्हेजच आहे." मी म्हटले, "होय, म्हणूनच तर मी आले आहे." त्याने कागद उघडून आत पाहिले आणि त्याचा चेहरा खरोखर उतरला. तो काहीतरी बोलणार होता, एवढ्यात मागच्या यंत्राने आवाज केला, त्याने वळून पाहिले आणि "बदलून देतो, दहा मिनिटं," एवढेच म्हणून तो आत गेला. जे बोलायचे राहिले ते राहूनच गेले.

मॅनेजरला बोलवा, असे मी सांगितले. ते यायला पाऊण तास नसेल, परंतु पंधरा मिनिटे नक्कीच लागली. कानाला हेडसेट लावलेले, तिशीतले गृहस्थ होते. बोलणे उद्धट नव्हते, हे मी मुद्दाम नमूद करते. "शनिवारचा रश आहे मॅडम, बाजूच्या ऑर्डरशी मिक्स झालं असेल. ॲपवर फीडबॅक टाका, तिकडून तुम्हाला कूपन येईल." मी पैसे परत मागितले, तर मशीनवरून भरलेले पैसे या काउंटरवरून परत करता येत नाहीत असे उत्तर मिळाले. तक्रार वही मागितली, तर वही ठेवत नाही असे सांगण्यात आले. आमचे शाकाहारी बर्गर ज्यांच्याकडे गेले असतील त्यांना तरी शोधा, असे मी म्हटले, कारण आज कोंबडी आणि बटाटा यांची अदलाबदल झाली, उद्या एखाद्या ॲलर्जी असलेल्या मुलाच्या हाती भलताच पदार्थ पडू शकतो. त्यावर त्यांनी मान डोलावली, पण जागचे हलले नाहीत.

मग मी एक विनंती केली. आमचे टेबल तेथून जेमतेम पंधरा पावलांवर होते आणि नाना दोन्ही हात मांडीवर ठेवून आमच्याकडेच पाहत होते. मी म्हटले, "मला कूपन नको, पैसेही राहू द्या. फक्त तेवढं टेबलापर्यंत चला आणि माझ्या वडिलांना सांगा, की आमच्याकडून चूक झाली." ते गृहस्थ क्षणभर गप्प राहिले आणि म्हणाले, "मला फ्लोअर सोडता येत नाही, मॅडम." टेबल त्याच फ्लोअरवर होते. मी पुन्हा विनंती केली. त्यांनी हेडसेटवर हात ठेवून आतल्या कोणाला तरी काहीतरी सांगितले आणि ते निघून गेले. थोड्या वेळाने बदललेला बर्गर आला, तो त्याच मुलाने काउंटरवर ठेवला आणि आमचा क्रमांक पुकारला. नानांनी त्याला हात लावला नाही. मुलीनेही काही खाल्ले नाही. आम्ही उठलो.

रिक्षात बराच वेळ कोणी बोलले नाही. मुलगी रडवेली झाली होती, कारण नानांना तेथे नेण्याचा हट्ट तिचा होता. नानांनीच तिच्या पाठीवर हात ठेवला आणि मग मला म्हणाले, "चूक झाली, ती होते गं. लग्नाच्या पंगतीत काय चुका होत नाहीत? पण ते तुझ्याशी बोलले, बिलाबद्दल बोलले. माझ्याशी कुणीच बोललं नाही. मी तिथंच बसलो होतो की."

हे वाक्य माझ्या मनातून जात नाही, कारण मी स्वतः काउंटरच्या दुसऱ्या बाजूला बसून आयुष्य काढले आहे. १९९४ साली मी बँकेत लागले तेव्हा आमच्याकडे अजून जाडजूड लेजरे होती. पहिल्याच वर्षी माझ्या हातून एका पेन्शनर आजोबांच्या खात्यातून आडनावाच्या सारखेपणामुळे दुसऱ्याच व्यक्तीचे पंधराशे रुपये वजा झाले. महिन्याच्या औषधांचे पैसे काढायला ते आले आणि शिल्लक पाहून त्यांचे हात थरथरू लागले. मी घाबरून व्हाउचरांचे गठ्ठे उपसायला लागले. आमचे साहेब केबिनमधून उठून बाहेर आले, त्यांनी त्या आजोबांना हाताला धरून आत नेले, पाणी दिले आणि समोर बसून सांगितले, "काका, चूक आमची आहे. तुमचा एक पैसाही कुठे जात नाही." नंतर त्यांनी मला बोलावून एवढेच सांगितले, की आधी माणसाकडे पाहायचे, व्हाउचर नंतर शोधायचे, ते कपाटातून पळून जात नाही. पुढची २७ वर्षे मी हाच क्रम पाळला. आमच्या हातूनही अनेकदा चुका झाल्या, रांगा लांबल्या, लोक रागावले, परंतु समोरच्या माणसाला "चूक झाली" असे सांगायला मला कधी कोणाची परवानगी लागली नाही. शिवाय तक्रारीला जागा होती. शाखेत तक्रार वही होती, आणि बँकेने तीस दिवसांत उत्तर दिले नाही किंवा दिलेल्या उत्तराने समाधान झाले नाही, तर ग्राहकाला रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते.

त्या उपाहारगृहात उणीव होती ती नेमकी याचीच. तेथील मुलांना मी वाईट म्हणणार नाही. मी पाऊण तास काउंटरसमोर उभी होते, तेवढ्यात मला जे दिसले ते असे, की आत चार-पाच मुले काम करत होती आणि त्यांच्याकडे मशीनवरून आणि दोन वेगवेगळ्या डिलिव्हरी ॲपवरून एकाच वेळी ऑर्डरी येत होत्या. प्रत्येक ऑर्डरीसमोर घड्याळ चालू होते. वेळ तांबडी होऊ नये म्हणून पदार्थ तयार होण्याआधीच क्रमांक पडद्यावरून काढला जातो, आणि एकदा तो पडद्यावरून गेला की कोणता ट्रे कोणाचा हे केवळ त्या मुलाच्या स्मरणशक्तीवर राहते. अशा अवस्थेत दोन कागद अदलाबदल होणार नाहीत तर काय होईल? ज्यांनी बिलिंगच्या खुर्चीवरचा माणूस कमी केला, चार मशीन उभी केली आणि त्या मॅनेजरला पंधरा पावले चालण्याइतकीही मोकळीक ठेवली नाही, त्यांना मी जबाबदार धरते. ते लोक त्या संध्याकाळी तेथे नव्हते. ते कधीच तेथे नसतात आणि ग्राहकाला त्यांच्यापर्यंत पोहोचायला ॲपमधील पाच ताऱ्यांखेरीज वाट ठेवलेली नसते.

ओळखीच्या काहींनी मला ऐकवले, की माळकरी माणसाला तुम्ही मांसाहारही मिळतो अशा ठिकाणी नेलेच कशाला. हा आक्षेप मी हलका मानत नाही. २०२५ साली मुंबईतील एका जिल्हा ग्राहक आयोगाने याच प्रकारच्या एका तक्रारीत, भावना एवढ्या तीव्र असतील तर दोन्ही प्रकारचे अन्न देणाऱ्या ठिकाणाहून मागवलेच का, असा प्रश्न विचारल्याचे मी वाचले आहे. मात्र त्या प्रकरणात बिलावर मांसाहारी पदार्थाचीच नोंद होती आणि तक्रार फेटाळली गेली. आमच्या बिलावर एकही मांसाहारी पदार्थ नाही. आणि एखादे उपाहारगृह जेव्हा हिरवा ठिपका लावून पदार्थ विकते, तेव्हा ते शाकाहारी माणसाला "निर्धास्त ये" असेच सांगत असते. त्या शब्दावर विसंबून येणाऱ्याला नंतर तू आलासच का असे विचारणे मला न्यायाचे वाटत नाही. नानांनी आयुष्यभर गावच्या जत्रेत, लग्नांत, सगळ्या जातिधर्मांच्या घरी पंगतीला बसून जेवण केले आहे. तेथे वाढणारा माळ पाहून आपणहून सांगत असे, "नाना, हे तुम्हाला नाही."

रागाच्या भरात मी त्या रात्री काही लिहिले नाही. रविवारी सकाळी बसून कंपनीच्या ग्राहक सेवा विभागाला पत्र लिहिले, बिलाचे आणि त्या कागदाचे छायाचित्र जोडले. वाचकांपैकी कोणावर अशी वेळ आली तर बिल फेकू नका, हे मात्र आवर्जून सांगते. १ जानेवारी २०२२ पासून खाद्यपदार्थांच्या बिलावर अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा चौदा आकडी परवाना किंवा नोंदणी क्रमांक छापणे सक्तीचे आहे आणि तो क्रमांक हाताशी असला की प्राधिकरणाकडे नेमक्या त्याच ठिकाणाविरुद्ध तक्रार नोंदवता येते. मी ती नोंदवली. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे आणि तेथे मराठीतूनही बोलता येते. फोनवरच्या बाईंनी माझे सारे म्हणणे मधे न तोडता ऐकून घेतले. त्या उपाहारगृहात पाऊण तासात मला जे मिळाले नाही ते फोनवर मिळाले. याहून पुढे जायचे तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार राहत्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत जाता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहारासाठी शुल्कही लागत नाही. बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ साली पुण्यातूनच ग्राहक पंचायतीचे काम उभे केले, तेव्हा असा कायदाही नव्हता. आज तो आहे, पण एका बर्गरसाठी कोण एवढे करत बसणार, असे म्हणून आपण बहुतेक वेळा बिलाचा बोळा करतो. मीही याआधी अनेकदा तसेच केले आहे.

नवव्या दिवशी कंपनीचे उत्तर आले. त्यात आमच्या "अनुभवाबद्दल" खेद व्यक्त केला होता, २०० रुपयांचे कूपन जोडले होते, त्याची मुदत तीस दिवस होती आणि शेवटी तक्रार निकाली काढल्याची नोंद होती. काय चुकले, कोणाचे चुकले, पुन्हा चुकू नये म्हणून काय केले, याबद्दल एक ओळही नव्हती. नानांचा उल्लेख नव्हता. ८६१ रुपये हेल्पलाइनच्या मध्यस्थीनंतर खात्यावर जमा झाले, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे.

मी दुसरे पत्र लिहिले आहे. कूपन परत केले आहे आणि दोनच प्रश्न विचारले आहेत. त्या शनिवारी संध्याकाळी तेथे किती माणसे कामावर होती, आणि ग्राहकाची अशी तक्रार आल्यावर मॅनेजरने उठून टेबलापर्यंत जाऊ नये असा कोणता नियम तुम्ही केला आहे. उत्तर अजून आलेले नाही.

नाना वारीच्या तयारीसाठी गावी परत गेले. स्वारगेटला गाडीत बसवताना मी त्यांना दुसऱ्या पत्राबद्दल सांगितले. ते थोडा वेळ खिडकीबाहेर पाहत राहिले आणि मग म्हणाले, "त्या पोराची नोकरी जाणार नाही ना गं तुझ्या पत्रानं?" त्या मुलाबद्दल मी पत्रात एक अक्षरही लिहिलेले नाही, हे मला त्यांना दोनदा सांगावे लागले, तेव्हा कुठे त्यांनी पिशवी मांडीवर घेतली.